पोरगी कोणाची?

एखाद्या मुलीची विटंबना झाली की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो, ‘पोरगी कोणाची?’ वरवर हा प्रश्न आस्थेचा वाटतो. प्रत्यक्षात तो जातीचा प्रश्न आहे. संताप किती करायचा, हे त्याच्या उत्तरावरून ठरते. मुलांच्या शरीराचा बाजार इतकी वर्षे का टिकला, हे समजून घ्यायचे तर आधी या प्रश्नाचीच झडती घ्यावी लागेल.

२०११ च्या सुमारास मी वर्धा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी बी.ए. करीत होतो. स्टँडजवळच्या मोबाइल दुकानात वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळे. भीमगीते मी तेथूनच भरून आणीत असे. त्याच दुकानात ओळखीच्या गिऱ्हाइकाला एका शाळकरी मुलीची चित्रफीतही विकली जाते, हे आम्हा पोरांना ठाऊक होते. आम्ही गप्प होतो. मीही गप्प होतो. पुढे वस्तीत गोष्ट फुटली आणि विहारात बैठक बसली. एका जाणत्याने विचारले, ‘पोरगी कोनाची हाय? आपल्यातली नाई ना? मंग जाऊ द्या.’ अनेकांनी माना डोलावल्या. कापूस वेचून आलेली माझी आई दाराशी बसली होती. ती म्हणाली, ‘पोरगी कोनाची ते कायले पुसता? दुकान कोनाचं ते पुसा.’

दुसऱ्या दिवशी बाया दुकानावर गेल्या. दुकानदार घाबरला. त्याने सारे पुसून टाकले, हात जोडले आणि प्रकरण मिटले. पोलिसांत कोणी गेले नाही. चित्रफीत कोणी काढली, ती मुलगी कोठे होती, हे कधीच कळले नाही. पुरावा नष्ट झाला आणि आम्ही त्यालाच विजय समजलो.

माझी निरक्षर आई बोलली ते आमच्या चळवळीत फार पूर्वी बोलले गेले होते. जेजुरीच्या खंडोबाला मुली ‘मुरळी’ म्हणून सोडण्याची रूढी अस्पृश्य समाजाच्या अंगवळणी पडली होती. व्यवहार मुलीच्या विक्रीचा आणि नाव देवाचे! शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केले आणि त्यातून या रूढीवर हल्ला चढविला. पुढच्याच वर्षी त्या पत्रात शिवूबाई लक्ष्मण जाधव या मुरळीचे पत्र प्रसिद्ध झाले. जिच्याविषयी सारे बोलत होते, ती स्वतः बोलू लागली. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी मुरळ्या, देवदासी, जोगतिणी यांच्यापुढे भाषण केले. मुरळीचा प्रश्न हा तिच्या घरापुरता नसून साऱ्या समाजाच्या मुक्तीचा आहे, ही जाणीव या परंपरेने आपल्याला दिली.

पुढे देवाच्या नावाची जागा सेवेच्या नावाने घेतली. गोव्यात मडगावजवळ फातोर्डा येथे फ्रेडी पीट्स हा निराधार मुलांचे वसतिगृह चालवीत असे. एप्रिल १९९१ मध्ये त्याला अटक झाली, तेव्हा पोलिसांच्या हाती मुलांच्या शोषणाची २,३०५ छायाचित्रे लागली. या बाजाराची गिऱ्हाइके परदेशातही होती. मुले गरिबांची, कित्येक तर कोणाचीच नसलेली. ‘पोरे कोणाची?’ या प्रश्नाला उत्तर देणाराच नव्हता. पत्रकार शीला बर्से यांनी तो प्रश्न बाजूला सारून खटल्याचा पाठपुरावा केला. १९८० च्या दशकात स्त्री कैद्यांसाठी आणि तुरुंगातील मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या त्याच या बर्से. मार्च १९९६ मध्ये पीट्सला जन्मठेप झाली. छायाचित्रे धुऊन देणाऱ्याला असे काही आढळले तर त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे, असे बंधन २००३ च्या गोवा बाल कायद्याने घातले. ‘दुकान कोणाचे?’ हा प्रश्न अशा रीतीने कायद्यात आला.

२०१२ च्या पॉक्सो कायद्याने हे बंधन देशभर लागू केले. हॉटेल, लॉज, स्टुडिओ, सारेच त्याच्या कक्षेत आले. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा चित्रफिती बाळगण्याबाबतचे कलम कठोरपणे लावले. शिवाय ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दच न्यायालयांनी वापरू नये असे बजावले. कारण ती करमणूक नाही, एका मुलावर झालेल्या गुन्ह्याची ती नोंद आहे. ‘मुरळी’ या शब्दामागे विक्री लपली होती, तसा या शब्दामागे गुन्हा लपला होता.

याच कायद्याच्या तेविसाव्या कलमाने पीडित मुलाचे नाव, घर, शाळा, ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. म्हणजे ‘पोरगी कोणाची?’ हे चव्हाट्यावर विचारण्याचा अधिकारच कायद्याने काढून घेतला आहे. पण कायदा विहारातल्या बैठकीत येऊन बसत नाही. तेथे आपणच बसतो.

आज माझ्या वर्गातील प्रत्येकाच्या खिशात ते दुकान आहे. मी त्यांना सांगतो: अशी चित्रफीत आली तर पुढे पाठवू नका, आणि नुसती पुसून मोकळेही होऊ नका. पोलिसांना कळवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते. हे सांगताना मला ते मेमरी कार्ड आठवते. भीमगीते घेऊन मी त्या दुकानाची पायरी उतरत होतो आणि त्याच दुकानात काय विकले जाते हे मला माहीत होते. त्या मुलीची जात मला आजही ठाऊक नाही. माझे मौन मात्र माझेच होते.