समूहित साठवण प्रणालींतील बहुजाल संदेशवहन

अनेक संगणक व त्यांच्या तबकड्या परस्परांना जोडून त्यांचा एकाच भांडाराप्रमाणे उपयोग करतात, तेव्हा त्या व्यवस्थेला समूहित साठवण प्रणाली म्हणतात. तीतील सर्व संदेशवहन एकाच जालावर सोपविल्यास तेवढ्या एका जोडणीतील बिघाडाने सारी प्रणाली निकामी होते. म्हणून आरंभापासूनच दोन वा अधिक जालांची योजना होत आली आहे.

टँडेम या अमेरिकन कंपनीच्या, १९७६ मध्ये ग्राहकांना मिळू लागलेल्या नॉनस्टॉप संगणकात १६ पर्यंत प्रक्रियक दोन स्वतंत्र वाहिन्यांनी जोडलेले असत. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८३ मध्ये जाहीर केलेल्या व्हॅक्सक्लस्टर प्रणालीत संगणक व तबकडी-नियंत्रक एका ताराकृती जोडणी-पेटीशी सांधलेले असत. प्रत्येकापासून पेटीपर्यंत दोन मार्ग असून प्रत्येक मार्गाची क्षमता सेकंदाला ७ कोटी बिट होती. दोन्ही मार्ग सुस्थितीत असताना ते एकाच वेळी वापरता येत. पेटीत विजेवर चालणारा एकही घटक नव्हता, ही गोष्ट विशेष उल्लेखनीय होय. कारण जी वस्तू सर्वांना समाईक, तीच बिघडल्यास दुहेरी मार्गांचा उपयोग उरत नाही. (दोन केबली एकाच नळीतून नेल्यासही तीच गत होते.)

तथापि जाले दुहेरी केल्याने मूळ प्रश्न सुटत नाही. सर्वच मार्ग तुटल्यास समूहाचे दोन तुकडे पडतात. दोन्हींतील संगणक चालूच असतात आणि दुसरा तुकडा बंद पडला, असे प्रत्येकाला वाटते. दोघांनीही त्याच तबकडीवर लिहिण्यास सुरुवात केल्यास माहिती कायमची बिघडते. व्हॅक्सक्लस्टरमध्ये यावर गणसंख्येचा उपाय योजला होता. ज्या तुकड्याकडे ठराविक मते नसत, तो आपले काम थांबवी. माहिती बिघडण्यापेक्षा सेवा खंडित झालेली पत्करावी, असा निर्णय त्यामागे होता आणि तो योग्यच होता.

पुढे जालांची विभागणी कामानुसार होऊ लागली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँता क्रूझ येथील शाखेत सेज वाइल व त्यांचे सहकारी यांनी विकसित केलेल्या सेफ या प्रणालीवरील निबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रणालीत ग्राहकांसाठी सार्वजनिक व साठवण-घटकांच्या आपसांतील व्यवहारासाठी अंतर्गत, अशी दोन जाले ठेवता येतात. माहितीच्या ३ प्रती ठेवावयाच्या असल्यास ग्राहकाच्या एका लेखनामागे घटकांमध्ये आणखी २ लेखने होतात. एखादी तबकडी निकामी झाल्यावर प्रती नव्याने तयार करताना तर हा भार फारच वाढतो. तो वेगळ्या जालावर गेल्याने ग्राहकाचा खोळंबा टळतो.

या विभागणीतून नवा दोषही उद्‌भवला. एखाद्या घटकाचे केवळ अंतर्गत जाल तुटले, तर शेजारचे घटक त्याला बंद ठरवितात. तो मात्र सार्वजनिक जालावरून देखरेख करणाऱ्या संगणकांना आपण चालू असल्याचे कळवीत राहतो. परिणामी तो वारंवार बंद व चालू ठरतो आणि समूहाची बरीच शक्ती त्यातच खर्ची पडते. उलट सार्वजनिक जाल तुटल्यास शेजाऱ्यांना ते लवकर कळत नाही व ग्राहक ताटकळतात. म्हणून घटक परस्परांची चाचणी दोन्ही जालांवरून घेतात. वेगवान जाले स्वस्त झाल्यापासून लहान समूहांत दुहेरी तारांचे एकच जाल ठेवणे पुष्कळदा सोयीचे ठरते.