माफीचा साक्षीदार आणि ठगांची बोली

ठगीच्या बंदोबस्ताचा इतिहास सांगताना विल्यम स्लीमन याने केलेल्या पाठलागाचेच वर्णन बहुधा केले जाते. वस्तुतः या मोहिमेचे मुख्य साधन म्हणजे माफीचा साक्षीदार. वाटसरूंचे गळे आवळून प्रेते पुरून टाकणाऱ्या टोळीच्या कृत्याला टोळीबाहेरचा साक्षीदार सहसा उरतच नसे. फितलेल्या ठगाच्या जबानीवाचून तपास पुढे सरकणे कठीण होते.

फिरंगिया हा नामांकित ठग हाती आल्यावर त्याने सलोहदा येथील आमराईत, स्लीमनच्या तंबूच्या जागीच, पुरलेली प्रेते दाखविली. परंतु प्रत्येक जबानीस असा मूक दुजोरा कोठून मिळणार? म्हणून जबान्या वेगवेगळ्या घेऊन ताडून पाहणे, ठगांच्या वंशावळी तयार करणे, साक्षीदारास शिपायांबरोबर पाठवून माणसे ओळखविणे, अशी पद्धत बसविण्यात आली. माफी म्हणजे सुटका नव्हे. हे साक्षीदार जबलपुरास पहाऱ्यातच राहिले व पुढे तेथील उद्योगशाळेत तंबू व गालिचे विणू लागले.

इ. स. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने विशिष्ट खून शाबीत करण्याची गरजच उरली नाही. कायद्यापूर्वी वा नंतर ठगांच्या टोळीत असणे एवढ्यावर जन्मठेप होऊ लागली. साहजिकच ओळखविणाऱ्याच्या शब्दाला विलक्षण वजन आले. आणि त्या शब्दामागे जुने वैर असल्यास ते उघडकीस आणणार कोण?

त्याच वर्षी स्लीमनचा ‘रामासीआना’ हा ठगबोलीचा कोश कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. गळा आवळणारा तो ‘भुरतोट’, थडगी खणणारा ‘लुघा’, इशारा म्हणजे ‘झिरनी’. ही सामग्री देणारे माफीचे साक्षीदारच होत. भाषाभ्यासकाचा निवेदक येथे बंदिवान आहे, व समोरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर त्याचे जीवित अवलंबून आहे! कोशातील व्याकरण हिंदुस्थानीचे, निराळे ते केवळ काही शब्द. यावरून धंद्याची सांकेतिक बोली सिद्ध होते. ती जाणणारा प्रत्येक इसम खुनी होता, हे मात्र सिद्ध होत नाही.

या साक्षीविषयीची द्विधा वृत्ती १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातही उतरली. कलम १३३ प्रमाणे दुजोऱ्यावाचूनही अशा साक्षीवर झालेली शिक्षा बेकायदा ठरत नसे, तर कलम ११४ च्या एका उदाहरणात दुजोऱ्यावाचून गुन्ह्याचा साथीदार अविश्वसनीय मानण्याची मुभा होती. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या संबंधित कलमात ‘दुजोरा मिळालेली साक्ष’ असा शब्दपालट झाला आहे.