अक्षरांचा पट

विशिष्ट अक्षरे धरून शब्द हुडकण्याचा छंद आपल्याकडे इंग्रजीबरोबर आला, असा सुशिक्षितांचा सर्वसाधारण समज आहे. त्यास कारणही आहे. आजच्या धर्तीचे शब्दकोडे १९१३ साली न्यूयॉर्कच्या एका दैनिकात अवतरले. पुढे १९३० नंतरच्या दशकात आल्फ्रेड बट्स या अमेरिकन गृहस्थाने वृत्तपत्रांतील अक्षरांची मोजदाद करून स्क्रॅबल हा खेळ रचिला. त्याच्या शंभर चकत्यांत ‘ई’च्या बारा, तर ‘क्यू’ची एकच. ती हाती आली, की ‘यू’वाचून चालेल असा शब्द शोधताना खेळाडूची तारांबळ उडते. तथापि म्हैसूरचा इतिहास चाळला असता हा समज टिकत नाही.

टिपूच्या पाडावानंतर १७९९ साली मुम्मडी कृष्णराज वडियार पाच वर्षांचे असताना गादीवर बसले. प्रारंभी दिवाण पूर्णय्यांनी राज्य चालविले. पुढे १८३१ मध्ये इंग्रजांनी कारभार आपल्या हाती घेतला, आणि १८६८ मध्ये देहावसान होईपर्यंत महाराजांना तो परत मिळाला नाही. सदतीस वर्षे सिंहासन होते, सत्ता नव्हती. हा काळ त्यांनी विद्या, कला आणि क्रीडा यांच्या उपासनेत घालविला. ‘श्रीतत्त्वनिधी’ या त्यांच्या सचित्र ग्रंथाचे नऊ निधी आहेत. त्यांतील अखेरच्या कौतुकनिधीत खेळांनाही स्थान आहे. पटावरील घोड्याने अडीच घरांच्या चालीने चौसष्टही घरांना एकेकदाच कसे जावे, हे कूट सोडविण्यात ते विशेष रमत.

या कुटाचा आणि अक्षरांचा संबंध फार जुना आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रटाने ‘काव्यालंकारा’त तुरगपदबंध दाखविला. अनुष्टुभाची अक्षरे बत्तीस, आणि अर्ध्या पटाची घरेही बत्तीस. घराघरांत एकेक अक्षर मांडावे. सरळ वाचले तरी आणि घोड्याच्या चालीने वाचले तरी तोच श्लोक हाती यावा, अशी ती रचना. चौदाव्या शतकात वेदान्तदेशिकांनी ‘पादुकासहस्रा’त त्यापुढे पाऊल टाकले. त्यांच्या एका श्लोकातून घोड्याच्या चालीने दुसराच अर्थपूर्ण श्लोक निघतो. श्रीरंगमवर आक्रमण झाले तेव्हा देशिकांनी म्हैसूरच्या परिसरातील सत्यागाल आणि मेलुकोटे येथे आश्रय घेतला, असे परंपरा सांगते.

मराठीही या क्रीडेस परकी नाही. ज्या १७९४ साली कृष्णराजांचा जन्म झाला, त्याच साली बारामतीस मोरोपंतांनी देह ठेविला. पंतांच्या अनेक रामायणांपैकी एक निरोष्ठ रामायण होय. ओठांना ओठ लागू न देता ते म्हणावयाचे. अर्थात प, फ, ब, भ, म या अक्षरांना त्यात मज्जाव. वाचकांनी क्षणभर या अटीचा विचार करावा. राम, लक्ष्मण, भरत ही तिन्ही नावे बाद होतात. मारुती आणि हनुमान हीही जातात. आंजनेय मात्र चालतो, आणि म्हैसूरकर मारुतीला नेहमी त्याच नावाने हाक मारतात. संस्कृतात दंडीने ‘दशकुमारचरिता’त ही अट आधीच पाळली होती. तेथे मंत्रगुप्ताचा ओठ प्रियेच्या दंतक्षताने दुखत असल्यामुळे तो आपली सगळी हकीकत ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो.

या दोन परंपरांतील भेद आमच्या मते मूलभूत आहे. इंग्रजी खेळ डोळ्यांचा आहे. त्या भाषेत लेखन आणि उच्चार यांची फारकत झाल्यामुळे शब्द ऐकून त्यातली अक्षरे सांगता येतील, याची खात्री नसते. म्हणून खेळाडूला याद्या पाठ कराव्या लागतात. आपले अक्षर ही उच्चाराची एकेक फेक आहे. ‘स्त्री’ या शब्दात तीन व्यंजने आणि एक स्वर असले, तरी अक्षर एकच. मराठी शब्दकोडेही एका चौकोनात एक अक्षर बसविते. काना-मात्रेला निराळे घर देत नाही. म्हणून आपल्या खेळास लिपीही लागत नाही, कान पुरतो. माजघरातल्या भेंड्या याची साक्ष देतील. ‘ण’ वा ‘ळ’ने शेवट झाला, की पुढचा शब्द सापडत नाही, आणि ‘न’ किंवा ‘ल’ चालवून घ्यावा लागतो. हा नियम कोणी छापला नाही. तो आजीकडून नातवाकडे आला.

परप्रांतस्थ मराठी कुटुंबांपुढील प्रश्न येथेच उभा राहतो. आमची मुले इंग्रजी वाचतात, बाहेर कन्नड बोलतात; देवनागरी त्यांच्या हातून हळूहळू सुटत आहे. इंग्रजी शब्दांच्या शोधात त्यांचे जे डोळे तयार होतात, त्याचे आम्हांस दुःख नाही. पण कान तयार व्हावयाचे राहिले, तर पंतांची आर्या त्यांना समजावून द्यावी लागेल, ऐकू येणार नाही. एवढा दिलासा आहे, की इंग्रजीत नसलेला ‘ळ’ कन्नडातही जिवंत आहे, आणि म्हैसूरच्या रस्त्यावर तो रोज मुलांच्या कानी पडतो. राज्य गेल्यावर कृष्णराजांनी पट जपला. लिपी सुटू लागली असता आम्हांस निदान भेंड्या जपता येतील, आणि त्यांस शाळेची परवानगी लागत नाही.