कर्करोग लसींमधील अब्जांश कण

कर्करोग लसींमधील अब्जांश कण म्हणजे लसीतील प्रतिजन प्रतिकारपेशींपर्यंत पोहोचवणारे अतिसूक्ष्म वाहक होत. नॅनोमीटर हा मीटरचा अब्जावा भाग असून त्यावरून या कणांना हे नाव मिळाले. कण शरीरात कोठे जातात हे पाहण्यासाठी वैद्यकीय प्रतिमांकनाचा उपयोग केला जातो.

कार्यपद्धती

नुसते लहान पेप्टाइड टोचल्यास त्यातील बराच भाग रक्तात शोषला जाऊन शरीरभर पांगतो. साधारण १० ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण मात्र लसिकावाहिन्यांतून लसिका ग्रंथींकडे वाहून जातात. त्याहून मोठे कण बहुधा टोचल्या जागीच रेंगाळतात. एकाच कणात प्रतिजन आणि प्रतिकारशक्ती चेतवणारे सहायक द्रव्य भरता येते, त्यामुळे दोन्ही एकाच डेंड्रायटिक पेशीला मिळतात. चेतनेवाचून केवळ प्रतिजन मिळाल्यास प्रतिकारशक्ती त्याकडे दुर्लक्ष करण्याची शक्यता असते.

प्रतिमांकनाचे महत्त्व

लस निष्प्रभ ठरली की ती योग्य स्थळी पोहोचलीच नाही, हा भेद रक्ततपासणीतून सहसा कळत नाही. नेदरलँड्समधील नायमेगेन येथील संशोधकांनी २००५ मध्ये मेलानोमाच्या आठ रुग्णांना लोहऑक्साइड कणांनी चिन्हांकित केलेल्या डेंड्रायटिक पेशी टोचल्या आणि एमआरआयद्वारे त्यांचा माग घेतला. सोनोग्राफीच्या साहाय्याने सुई घालूनही चार रुग्णांत पेशी लसिका ग्रंथीत अचूक पडल्या नव्हत्या. प्रतिमांकन नसते, तर हे अपयश लसीच्या माथी आले असते.

महाराष्ट्रातील उदाहरण

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाने तयार केलेल्या सर्व्हाव्हॅक या लसीस २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या ६, ११, १६ व १८ या प्रकारांविरुद्ध ती दिली जाते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के कर्करोग १६ व १८ या प्रकारांमुळे होतात. विषाणूचे एल१ हे प्रथिन आपोआप जुळून विषाणुसदृश अब्जांश कण बनतात. त्यांत जनुकीय द्रव्य नसल्याने संसर्ग होत नाही. ही लस प्रतिबंधक आहे. जडलेला कर्करोग तिने बरा होत नाही.

आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्यातून साकारलेली, २०२३ मध्ये मान्यता मिळालेली नेक्सकार१९ ही लस नसून कार-टी पेशी उपचारपद्धती आहे.

मर्यादा

काही कण यकृत व प्लीहेत साठतात. चिन्हांकित पेशी मृत झाली तरी तिच्यातील लोह एमआरआयमध्ये दिसत राहते. म्हणून केवळ प्रतिमेवरून पेशी जिवंत असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही.