पेजमेकरचं गाव

मागच्या दिवाळीनंतर मंडळातल्या एका काकूंचा फोन आला. "अरे, आमच्या ह्यांचा लेख होता ना तुमच्या १९९८च्या अंकात? नातीला वाचून दाखवायचाय." काका जाऊन चार वर्षं झाली. मी म्हटलं, "फाईल आहे माझ्याकडे. उद्याच पाठवतो काकू." किती सहज बोलून गेलो!

ती फाईल पेजमेकरची. आणि मंडळी, पेजमेकर हे आपल्या सिअ‍ॅटलचंच अपत्य. पाहुणे आले की आपण त्यांना पायोनिअर स्क्वेअरच्या जुन्या विटांच्या इमारती दाखवायला नेतो ना, तिथेच 'आल्डस' कंपनी होती. तिचा संस्थापक पॉल ब्रेनर्ड हा मूळचा वर्तमानपत्रातला माणूस. पुढे तो वर्तमानपत्रांसाठी संगणकयंत्रणा बनवणाऱ्या कंपनीत गेला. तिने रेडमंडचं केंद्र बंद केल्यावर १९८४ मध्ये त्याने चार इंजिनिअर बरोबर घेऊन आल्डस काढली. नाव घेतलं ते व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियसचं. १५०१ मध्ये इटालिक टाईपात, हातात मावतील अशी छोटी पुस्तकं छापायला सुरुवात करणारा हा मुद्रक. जुलै १९८५ मध्ये पेजमेकर बाजारात आलं. 'डेस्कटॉप पब्लिशिंग' हा शब्दही ब्रेनर्डनेच रूढ केला.

त्याआधी पान कसं लागायचं? टाईपसेटरकडून मजकुराच्या लांब पट्ट्या यायच्या. त्या ब्लेडने कापायच्या, मागे मेण लावायचं आणि पुठ्ठ्यावर चिकटवायच्या. एक ओळ तिरकी गेली की उचकटून पुन्हा लावा! ब्रेनर्डला या कामाची नस ठाऊक होती. म्हणून पेजमेकरच्या पडद्यावर पानाभोवती टेबलासारखी मोकळी जागा होती. चित्र तिथे बाजूला ठेवा, लागेल तेव्हा पानावर ओढा. अर्थात नुसत्या सॉफ्टवेअरने भागलं नसतं. अ‍ॅपलचा लेझरप्रिंटर आणि अ‍ॅडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा त्याच वर्षी जोडीला आली, म्हणून इंचाला ३०० ठिपक्यांचं स्वच्छ पान घरबसल्या निघायला लागलं. घरबसल्या म्हणायचं आपलं. सॉफ्टवेअर ४९५ डॉलरचं, प्रिंटर मात्र ६,९९५ डॉलरचा. तेवढ्यात तेव्हा छोटी गाडी यायची.

१९८७ मध्ये पेजमेकर विंडोजवर आलं आणि नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईत गल्लोगल्ली 'डीटीपी करून मिळेल' अशा पाट्या लागल्या. खिळे जुळवणाऱ्यांचं काम गेलं, हेही खरं. पण रोमन लिपीपुरता विचार करून बनवलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये मराठी बसवली कशी? चक्क सोंग आणून! संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षरच. फॉन्ट त्याला मराठी कपडे चढवायचा. अर्धा 'त', वेलांटी, रफार, सगळे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेले. कोणता तुकडा कुठे, ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी मोठं काम केलं, १९९१ मध्ये 'इस्की' हे प्रमाणही ठरलं. तरी फॉन्ट बनवणारे आपापल्या वाटेनेच गेले.

आमच्या मंडळाचे सुरुवातीचे अंक हस्तलिखित, झेरॉक्स काढलेले. १९९५ मध्ये माझ्या मेहुण्याने पुण्याहून फ्लॉपीवर एक फॉन्ट आणला आणि आम्ही बेसमेंटमध्ये छापखानाच थाटला म्हणा ना. 'दिवाळी' लिहायचं तर आधी वेलांटी, मग 'द'. शब्द तोडायची सोय बंद करायला विसरलं, की पेजमेकर इंग्रजी समजून मराठी शब्दाचे कुठेही दोन तुकडे करायचं. पहाटे चारला बायको चहा घेऊन खाली यायची आणि पहिल्याच पानावरची चूक दाखवायची! पण शेवटचं पान प्रिंटरमधून बाहेर आलं, की वाटायचं, पुण्यातलं मासिक झक मारेल.

आता ती फाईल. आल्डस १९९४ मध्येच अ‍ॅडोबीत विलीन झाली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची. त्याची जागा इनडिझाईनने घेतली. त्याच्या २०१२च्या आवृत्तीपर्यंत पेजमेकरच्या फाईली उघडायच्या, पुढे तेही बंद. तसा जुना संगणक एका मित्राकडे मिळाला. फाईल उघडली. रकाने जागच्या जागी, कोपऱ्यातली पणतीसुद्धा जागेवर. मजकुराच्या जागी मात्र इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं. फॉन्टची फ्लॉपी तर केव्हाच हरवलेली. प्रचलित फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, पण आमच्या फॉन्टला कोणीच ओळख देईना. गंमत म्हणजे, युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पण पेजमेकरला युनिकोड कधी कळलंच नाही.

शेवटी एका सभासदाच्या गराजमध्ये, मुलांच्या जुन्या वह्यांखाली, छापील अंक सापडला. स्टेपल गंजलेली, पण अक्षर न् अक्षर शाबूत. दोन संध्याकाळी बसून मी लेख पुन्हा टाईप केला आणि काकूंना फोनवर वाचून दाखवला. एके ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं होतं, ते सांगितलं. काकू क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "राहू दे रे. ते तसंच लिहायचे."

१९९५ ते २००३ या काळातल्या नऊ अंकांपैकी पाचच छापील अंक हाती आहेत. १९९६, १९९९, २००० आणि २००२चे हवे आहेत. कुणाच्या बेसमेंटमध्ये असतील तर दिवाळीच्या कार्यक्रमाला घेऊन या. स्कॅन करून परत देईन.