बॅटरीचा पिवळा उजेड

काटोलजवळ काकांची संत्र्याची बाग आहे. कृषिपंपाची थ्री-फेज लाइन पाळीपाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की काका बॅटरी घेऊन ओलिताला निघतात. (आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात, आत घालतात त्या सेल.) दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी सोबत होतो. बांधावर वाळक्या पाल्यात घोणस वेटोळं घालून पडली होती. काकांच्या पांढऱ्याफटक एलईडीत तिच्या अंगावरचे तपकिरी ठिपके, पाला आणि माती सगळंच राखाडी दिसत होतं. ती फुस्कारली म्हणून कळलं. तेव्हापासून बॅटरीच्या उजेडाचा रंग हा माझ्यासाठी केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहिला नाही.

हातात धरायच्या नळीसारख्या दिव्याचं पेटंट डेव्हिड मिसेल या इंग्रज संशोधकाला अमेरिकेत 1899 मध्ये मिळालं. ज्या कंपनीकडे ते होतं तिनं पुढे एव्हररेडी हे नाव घेतलं. तेव्हाच्या सेल इतक्या अशक्त होत्या की दिवा क्षणभर चमकवून बंद करावा लागे. इंग्रजीतलं फ्लॅशलाइट हे नाव त्यातूनच आलं. भारतात 1958 मध्ये लखनौला टॉर्चचा कारखाना निघाला आणि पुढे त्या चकचकीत धातूच्या बॅटऱ्या खेडोपाडी खुंटीला लटकू लागल्या. आजोबांची अजून घरी आहे. सेल उतरल्या की ते त्या उन्हात ठेवायचे, आणि रात्री थोडा वेळ तरी चालायच्या.

त्या बल्बची एक खोड फार उपयोगाची होती. सेल नव्या असताना उजेड पिवळसर, मग केशरी, शेवटी निखाऱ्यासारखा तांबूस. तार थंडावत जाते तसा रंग बदलतो, त्यामुळे घरी पोचेपर्यंत पुरेल की नाही हे रंगावरूनच कळायचं. उजेडाचं तापमान केल्विनमध्ये सांगतात ते याच हिशेबानं. मेणबत्ती 1900 च्या आसपास, तारेचा बल्ब 2500 च्या पुढेमागे, ढगाळ दुपारचा उजेड 6500. गंमत अशी की आकडा जितका मोठा, तितका उजेड आपण ‘थंड’ म्हणतो.

मग निळा एलईडी आला. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरांनी 1993 मध्ये तो झगझगीत करून दाखवला. 2014 चं नोबेल त्यांना अकासाकी आणि अमानो यांच्यासोबत मिळालं. 1996 मध्ये त्याच निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर लावून पांढरा एलईडी बाजारात आला. म्हणजे तो पांढरा मुळात निळा आणि पिवळा, लाल जवळजवळ नाहीच. लाल वाढवायचा तर जास्तीचा फॉस्फर लागतो आणि तितक्याच विजेत उजेड कमी पडतो, कारण आपला डोळा गडद लालला फारसा दाद देत नाही. खोक्यावर मोठा आकडा छापायचा असेल तर थंड पांढराच परवडतो. घोणस राखाडी दिसली ती या हिशेबामुळे.

केल्विन सारखाच असूनही एक उजेड हिरवट आणि दुसरा गुलाबीसर असू शकतो. शौकीन लोक यालाच टिंट म्हणतात. डोळ्याला असा किती फरक जाणवतो हे कोडॅकमध्ये डेव्हिड मॅकअॅडम यांनी 1942 मध्येच मोजून ठेवलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी फिलिप्सच्या क्राउटहोफ यांनी मांडलं की मंद उजेड पिवळसर असला तरच माणसाला बरा वाटतो. ती वक्ररेषा नंतरच्या प्रयोगांत जशीच्या तशी टिकली नाही, पण रात्री दोन वाजता बागेत उभं राहिलं की मला ती पटते.

आपल्या राज्यात हा वाद सर्वांत मोठ्यानं झाला तो मरीन ड्राइव्हवर. 2015 मध्ये तिथले सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले. त्याच वर्षीच्या जानेवारीत केंद्रानं घरगुती एलईडी बल्बची उजाला योजना आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा कार्यक्रम सुरू केला होता. क्वीन्स नेकलेसची रया गेली, अशी ओरड झाली. राजकारण झालं, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, आणि शेवटी एलईडीच, पण पिवळसर बसवले गेले. मला यात एक विसंगती दिसते. लोक ज्या सोडियमसाठी हळहळले, त्याच्याखाली रंग धड ओळखू येत नाहीत, निळी साडी काळपट दिसते. म्हणजे तो पिवळाही खोटाच होता. लांबून हार म्हणून बघायला तो सुंदर, जवळ जाऊन काही ओळखायचं तर निरुपयोगी. भांडण पिवळा की पांढरा यावर झालं. उजेडात कोणते रंग आहेत आणि कोणते नाहीत, हे फारसं कोणी विचारलं नाही.

माझी पसंती 4000 च्या आसपास, किंचित गुलाबीकडे झुकलेली, लाल नीट दाखवणारी. तशी एक बॅटरी मागच्या हिवाळ्यात काकांना दिली. त्यांनी ती धुऱ्यावरून विहिरीच्या दिशेनं मारून पाहिली.

“अरे, ह्यानं दूरचं काईच दिसत नाई.”

खरं होतं. तेवढ्याच सेलवर त्यांची जुनी लांबवर जात होती. मी पायाजवळच्या पाल्यावर दोन्ही आळीपाळीनं मारून दाखवल्या. काका काही बोलले नाहीत. आता ओलिताला जाताना जुनी हातात असते, आणि माझी त्यांनी दोरीनं गळ्यात अडकवली आहे, तोंड खाली करून.