डबा आपला, कुलूप कंपनीचे : सेट-टॉप बॉक्सच्या मानकांचा इतिहास

#धागा

लोणारमधील एखाद्या कुटुंबाने डीटीएच कंपनी बदलायचे ठरवले, तर दूरचित्रवाणी संच तोच राहतो आणि छतावरच्या छत्रीची फार तर दिशा फिरवावी लागते. संचाखालचा डबा मात्र निकामी होतो. सिमकार्ड बदलले की जुना मोबाइल नव्या कंपनीवर चालतो. मग या डब्यालाच जन्माची बांधिलकी का? याचे उत्तर तीन दशकांच्या इतिहासात आहे.

१९९३ साली युरोपात प्रसारक, उत्पादक आणि सरकारी नियामक एकत्र आले व ‘डीव्हीबी’ प्रकल्प उभा राहिला. उपग्रहावरून डिजिटल चित्र कसे पाठवायचे, याची सामाईक मानके त्यातून ठरली. भारतातील डीटीएच सेवाही याच मानकांवर चालतात. म्हणजे आकाशातून येणारी भाषा सर्वांची एकच आहे.

भांडण सुरू होते ते डब्याच्या आत. तेथे आणखी दोन थर असतात. पहिला कुलपाचा : पैसे भरणाऱ्यालाच वाहिनी दिसावी म्हणून केलेले सांकेतिकीकरण. दुसरा ‘मिडलवेअर’चा : यंत्र आणि पडद्यावरचे कार्यक्रम-पत्रक, खेळ, प्रश्नमंजूषा यांच्यामध्ये बसणारी आज्ञावली. ओपनटीव्ही, मीडियाहायवे अशी खासगी मिडलवेअर बाजारात होती आणि एकासाठी लिहिलेला खेळ दुसऱ्यावर चालत नसे.

यावर डीव्हीबीने काढलेला तोडगा म्हणजे २००० साली प्रसिद्ध झालेले ‘एमएचपी’ हे मानक. जावा भाषेत कार्यक्रम एकदा लिहावा, तो कोणत्याही कंपनीच्या डब्यावर चालावा, अशी ही सुंदर कल्पना. फिनलंडने ती स्वीकारली. इटलीने तर २००४ मध्ये परस्परसंवादी डब्यामागे १५० युरोंचे सरकारी अनुदान दिले; पण त्यातून उपग्रह सेवा वगळल्या गेल्याने २००७ मध्ये युरोपीय आयोगाने ते बेकायदा ठरवले. शिवाय जावा पेलणारा डबा महाग पडे आणि पेटंटधारकांचे शुल्क वेगळेच. काटकसरी ब्रिटनने हलके ‘एमएचईजी-५’ पसंत केले, ब्राझीलने स्वतःचे ‘गिंगा’ घडवले. सर्वांसाठी एक म्हणून निघालेल्या मानकाच्या वाट्याला अशी फाटाफूट आली.

भारताची कथा उशिरा सुरू होते. १९९७ मध्ये सरकारने डीटीएचवर बंदी घातली होती. ती २००० च्या अखेरीस उठली. १५ मार्च २००१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाच्या दृष्टीने फार मोलाची अट होती : डब्याची रचना खुली असावी आणि एका कंपनीचा डबा दुसरीच्या सेवेवर चालावा. भारतीय मानक ब्यूरोने त्यासाठी आयएस १५३७७ हे मानकही केले.

अट कागदावर पाळली गेली. डब्याला दुसऱ्या कंपनीचे कुलूप उघडणारे मॉड्यूल बसवण्याची खाच ठेवायची होती. पण मॉड्यूलची किंमत जवळपास नव्या डब्याइतकी! ते घेणार कोण? नव्या ग्राहकाला कंपन्या डबा सवलतीत देत. तो ग्राहक सहज निसटावा, यात त्यांना रस असण्याचे कारणच नव्हते.

त्यात तंत्रज्ञानही फाटत गेले. २००३ मध्ये आलेल्या डिश टीव्हीने ओपनटीव्ही घेतले, २००६ च्या टाटा स्कायने एनडीएस कंपनीचे तंत्र. टाटा स्कायच्या ‘अ‍ॅक्टिव्ह’ सेवांत घरबसल्या देवदर्शन, खेळ, मुलांचा अभ्यास असे बरेच काही होते; दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर त्यातले काहीच उघडत नसे. पहिल्या दोघांनी एमपीईजी-२ पद्धतीने सुरुवात केली, तर सन डायरेक्ट आणि नंतरच्यांनी एमपीईजी-४ ने. औरंगाबादेत वाढलेल्या व्हिडिओकॉन समूहाची डी-टू-एच सेवा २००९ मध्ये याच दुसऱ्या पंगतीत बसली. आता मॉड्यूल फुकट मिळाले असते, तरी एमपीईजी-२ च्या जुन्या डब्याला नवे चित्र उलगडता आले नसते.

केबलचेही तेच झाले. २०११ च्या कायदादुरुस्तीने केबलधारकांनाही डबा सक्तीचा झाला. मुंबई पहिल्या टप्प्यात, पुणे-नागपूर-नाशिक दुसऱ्यात. लोणारसारखी नगरपरिषदेची गावे तिसऱ्यात, ज्याची मूळ मुदत ३० सप्टेंबर २०१४ होती. आसपासची खेडी चौथ्यात आली. इथेही डबा ज्याचा, ग्राहक त्याचा.

११ एप्रिल २०२० रोजी ‘ट्राय’ने सर्व डबे परस्परांच्या सेवेवर चालणारे असावेत, अशी शिफारस सरकारला केली. २००१ ची अट एकोणीस वर्षांनी शिफारस होऊन परत आली, हे पुरेसे बोलके आहे.

एक सेवा मात्र या सगळ्यापासून अलिप्त राहिली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने सुरू केलेली ‘डीडी डायरेक्ट प्लस’, आजची ‘फ्री डिश’. तिच्या मोफत वाहिन्यांना कुलूप नव्हते, म्हणून बाजारातला कोणताही साधा डबा तिला चाले. २०२२ च्या आयएस १८११२ या मानकाने पुढची पायरी गाठली : उपग्रह ट्यूनर संचातच बसवलेला, छत्रीची तार थेट जोडायची, मोफत वाहिन्यांसाठी डबाच नको. सशुल्क वाहिन्यांचे कुलूप मात्र या मानकाच्या कक्षेत येत नाही.